गिझर सर्व्हिसिंगवाल्याचा तपकिरी ग्लास

मुलुंड-भांडुपकडच्या सोसायट्यांमधल्यांनी जरूर वाचा. गिझर सर्व्हिसिंगच्या नावाखाली एक माणूस दारोदार फिरतोय. गळ्यात ओळखपत्र, बोलायला एकदम गोड. दुपारी सासूबाई घरी एकट्या असताना त्यांना ६,४०० रुपयांना गंडवून गेला.

आधी दोन ग्लास मागितले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्यांचं यंत्र त्यात बुडवून प्लग लावला. थोड्याच वेळात नळाचं पाणी चहासारखं तपकिरी झालं, वर हिरवट साका. आरओचं जवळपास होतं तसंच. "आजी, ही घाण रोज तुमच्या गिझरमध्ये शिजतेय." आजी घाबरणारच हो!

ती घाण पाण्यातली नसतेच. पाण्यात क्षार विरघळलेले असले की वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजते आणि तिचाच गंज ग्लासात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून गंजही कमी. त्याला सांगा, त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून यंत्र पुन्हा लाव. (घरी स्वतः करून बघू नका, थेट मेनचा करंट असतो.)

मग गिझर उघडून निम्मी झिजलेली, खडबडीत कांडी पुढे केली. "बघा, पाणी टाकी खातंय!" ती मॅग्नेशियमची ॲनोड रॉड. आधी ती झिजते म्हणून टाकीचं पोलाद वाचतं. संपत आली की बदलायची. याने बिलात नवीन रॉड लावली, आत मात्र तीच जुनी परत बसवली. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने उघडल्यावर हे कळलं. बदललेला जुना पार्ट हातात मागून घ्या, नाही दिला तर पैसे देऊ नका. शिवाय पाइपवर 'क्षार मारणारं' मॅग्नेट चिकटवलंय, त्याचे वेगळे पैसे.

मुंबईत पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांचं, पावसाचं. ते मऊच असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी खालच्या टाकीत मिसळतं, त्यामुळे कॉइलवर पांढरा थर बसतो हे खरं. पण खरं काम होतं तो थर काढायचं, आणि नेमका त्यालाच हात लावला नव्हता.

सगळ्यात संताप आला तो सेफ्टी व्हॉल्व्हचा. थेंब-थेंब गळतो म्हणून या महाभागाने तो एम-सीलने बुजवला! पाणी तापलं की फुगतं, जास्तीचा दाब तिथूनच सुटतो. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज बंद करणारा भाग) अडकला असता तर टाकीच फुटू शकली असती. मेकॅनिकने आधी गिझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडला, मग व्हॉल्व्ह नवा बसवला.

बिलावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, मोबाइल बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि बिलाची झेरॉक्स वॉचमनच्या केबिनमध्ये लावलीय. तुमच्याकडे असंच बिल असेल तर तुम्हीही तक्रार करा.