पुण्यातला ई अँड एमचा वीकेंड क्लास : मॅडम एक नंबर, छापील नोट्स रद्दीत टाका

क्लासचं नाव टाकत नाहीये, पुढे तक्रार पण लिहिलीये म्हणून. मी बी.फार्म. करून मेडिकल कोडिंगमध्येच आहे (अमेरिकेतल्या पेशंटच्या उपचारांना बिलासाठी कोड लावायचं काम), रेडिओलॉजी करत होते, ई अँड एमच्या (इव्हॅल्युएशन अँड मॅनेजमेंट, म्हणजे डॉक्टरने पेशंट तपासल्याचे कोड) टीममध्ये जायचं होतं म्हणून हा लावला. फी बाकीच्यांपेक्षा थोडी जास्तच आहे, एसी कधी चालतो कधी नाही, ते सोडा.

ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले ते म्हणजे कन्सल्टेशनचं (एका डॉक्टरने दुसऱ्याचं मत मागवणं) सेशन. हे कोड दिसायला एकदम सोपे, ओपीडीला ९९२४२ ते ९९२४५, ॲडमिट पेशंटला ९९२५२ ते ९९२५५, संपलं. बहुतेक क्लासवाले एवढा तक्ता लिहून देतात आणि तीन आर पाठ करा म्हणतात, रिक्वेस्ट, रेंडर, रिपोर्ट. मॅडमनी तक्ता लिहिलाच नाही, थेट डॉक्टरने पेशंटबद्दल लिहिलेली नोट हातात दिली (नाव-गाव काढलेली, प्रॅक्टिसची). गुडघ्याच्या ऑपरेशनआधी ऑर्थोच्या डॉक्टरने कार्डिओलॉजिस्टला विचारलंय की हा पेशंट ऑपरेशन झेपवेल का, त्याने तपासलं, जुना इको आणि ईसीजी बघितला, आणि ऑर्थोला लेखी मत पाठवलं. एमडीएम (डॉक्टरचा निर्णय किती अवघड होता ते) मॉडरेट. सगळ्यांनी ओरडून सांगितलं ९९२४४. मॅडम म्हणाल्या, "अरे पण पेशंट मेडिकेअरचा आहे ना, वरती बघा की!" आणि सगळा क्लास गप्प.

मेडिकेअरने (अमेरिकन सरकारचा, मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) १ जानेवारी २०१० पासून हे कोड घेणंच बंद केलंय, सीपीटीच्या (या सगळ्या कोडच्या) पुस्तकात आहेत पण मेडिकेअर पैसे देत नाही. त्याच्या आधी २००६ मध्ये तिकडच्या सरकारी तपासनीसांचा, म्हणजे ओआयजीचा रिपोर्ट आला होता की २००१ साली कन्सल्ट म्हणून पैसे दिलेल्यांपैकी जवळपास ७५ टक्के बिलं नियमात बसतच नव्हती. मग त्या पेशंटला नेहमीचा ऑफिस व्हिजिटचा कोड लावायचा. नवीन असेल तर ९९२०४. आणि इथे परत फसायला होतं, कारण त्याच ग्रुपच्या दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टने त्याला दोन वर्षांपूर्वी बघितलं होतं, तीन वर्षं झाली नाहीत म्हणून तो नवीन नाहीच, ९९२१४ होणार! हाच पेशंट कन्सल्ट मानणाऱ्या प्रायव्हेट इन्शुरन्सचा असता तर ९९२४४ च राहिला असता, कन्सल्टला नवीन-जुना असा भेदच नाही. एका नोटवर तीन उत्तरं, आणि तीनही का ते कळलं. कामावर ऑडिटला चुका याच जागी निघतात, त्यामुळे मला हे सेशन सोन्यासारखं वाटलं.

दुसरी नोट अशी की फॅमिली डॉक्टरने नुसतं लिहिलंय, डायबेटिस तुम्हीच सांभाळा आता. त्याला मत नकोय, पेशंटच सोपवून दिलाय, मग कन्सल्ट कसला? यावर बॅचमध्ये जाम वाद झाला, दोन बीएचएमएसवाले शेवटपर्यंत ऐकत नव्हते. मॅडमनी वाद होऊ दिला, मध्येच उत्तर सांगून मोकळ्या झाल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

आता तक्रार. छापील नोट्स. त्यात अजून ९९२४१ आणि ९९२५१ आहेत, जे २०२३ ला काढून टाकलेत, आणि हिस्ट्री-एक्झामचे पॉइंट मोजून लेव्हल काढायची जुनी पद्धत पानंच्या पानं दिलीये. आता लेव्हल एमडीएमवर नाहीतर टाइमवर ठरते, ऑफिस व्हिजिटला तर २०२१ पासूनच. टाइमचे आकडे पण जुने, ९९२४५ ला आता ५५ मिनिटं पुरतात, नोट्समध्ये ८० लिहिलंय. मॅडम वर्गात पेनने दुरुस्त करायला लावतात, पण ज्याचा एक रविवार बुडाला तो तसंच पाठ करून परीक्षेला जाणार ना! ऑफिसमध्ये सांगितलं तर म्हणे स्टॉक संपला की नवीन छापू. अहो स्टॉक कसला, नोट्सचे वेगळे पैसे घेता तुम्ही.

शंभर टक्के प्लेसमेंटचा बोर्ड पण मनावर घेऊ नका, रिझ्युमे पुढे पाठवतात, बास. फ्रेशर असाल तर सीपीसी (कोडिंगची सर्टिफिकेट परीक्षा) पास होऊनही नावामागे सुरुवातीला ए लागतो, अप्रेंटिसचा, आणि कंपन्या एक्स्पीरियन्स विचारतातच, हे ॲडमिशनच्या वेळी कोणी सांगत नाही.

आधीपासून कोडिंगमध्ये असाल आणि ई अँड एमला जायचं असेल तर डोळे झाकून घ्या, पण याच मॅडमची बॅच आहे का ते आधी विचारा, दुसऱ्या बॅचचे सर पीपीटी वाचून दाखवतात असं ऐकलंय. अगदी नवीन असाल तर आधी ॲनाटॉमी आणि टर्मिनॉलॉजी कुठेतरी करून या, इथे त्यासाठी कोणी थांबत नाही. आणि सीपीटीचं चालू वर्षाचं पुस्तक स्वतःचं घ्या, परीक्षेला पुस्तक बघायची परवानगी असते, १०० प्रश्नांना ४ तास, त्यात दुसऱ्याचं पुस्तक चाळत बसलात तर वेळ पुरणार नाही.

पाचपैकी साडेतीन. नोट्स नवीन छापल्या तर साडेचार करेन.