कॅम्पर ट्रेलरला ब्रेक बसवून घेतले, अंबड एमआयडीसी
काम एक नंबर पण वेळ अजिबात पाळत नाहीत राव. आमच्या छोट्या कॅम्पर ट्रेलरला ओव्हररन ब्रेक बसवले. इलेक्ट्रिकचा पण विचार होता, त्यात कंट्रोलर ड्रायव्हरजवळ बसतो आणि ट्रेलरच्या ड्रममधलं मॅग्नेट करंट मिळाला की ब्रेक लावतं, कंट्रोल भारी मिळतो पण गाडीच्या वायरिंगला हात लावावा लागतो म्हणून नको म्हटलं. ओव्हररनला ती भानगडच नाही, आपण ब्रेक मारला की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलिंगचा (गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या भागाचा) दांडा आत जातो आणि केबल ओढून ट्रेलरचे ब्रेक लागतात. गोची अशी की रिव्हर्स घेताना पण तेच होतं, म्हणून ऑटो रिव्हर्सवाले हबच मागा, म्हणजे मागे जाताना ब्रेक आपोआप सुटतो असे. आणि कसारा घाट उतरताना ट्रेलर सारखा ढकलत राहतो, खाली थांबून ड्रमजवळ हात नेला तर नुसती धग, लायनरचा जळका वास वेगळाच! सेकंड गिअरमध्येच उतरा. ब्रेकअवे केबल मात्र त्यांनी न सांगता लावली, कपलिंग निसटलं तर तीच ट्रेलरचा हँडब्रेक ओढते. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत.