दोरीवाले फोमचे इअरप्लग: बोटीच्या इंजिनवाल्यांनी घ्याच (५ पैकी ४ स्टार)

पावसाळी मासेमारी बंदीत इंजिनचं काम काढलं होतं तेव्हा रत्नागिरीत सेफ्टीचं सामान मिळतं तिथून हे केशरी दोरीवाले प्लग घेतले, आणि बंदी उठल्यापासून बोटीवर तेच वापरतोय. चांगले आहेत, घ्या.

आपल्याकडे काय होतं, इंजिनवरचा माणूस म्हणतो मला सवय झालीय, आता त्रास होत नाही. अहो सवय होत नाही, कान जातो. कानाच्या आत कॉक्लिया नावाची वेटोळी नळी असते, तिच्यात जेमतेम १५ हजार केसाळ पेशी, मोठ्या आवाजाने त्यांचे केस वादळातल्या भातासारखे आडवे होतात, थोडे असले तर विश्रांतीने परत उभे राहतात (बंदरात उतरल्यावर कान दडे बसल्यासारखा वाटतो आणि सकाळी मोकळा होतो तो हाच प्रकार) पण रोज तेच झालं तर पेशी मरते आणि माणसात ती पुन्हा येत नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. म्हणून माणूस म्हणतो ऐकू येतं पण कळत नाही, लिलावात साठ म्हटलेलं आठ ऐकू येतं आणि घरी सगळे म्हणतात हा लक्ष देत नाही.

हिशोब असा की ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं! हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की ८५ कधीच ओलांडलं समजा.

आता प्लगबद्दल. पाकिटावर २९ डेसिबल आवाज कमी होतो असं लिहिलंय ते लॅबमधलं, धंद्यावर तेवढं मिळत नाही, त्यातून ७ वजा करून निम्मे धरायचे म्हणजे ११. तेही नीट घातला तरच. बोटांनी वळून एकदम बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. आमचे खलाशी नुसता टोकाला अडकवतात, त्याने काही होत नाही. प्लग घातल्यावर इंजिनचा ठोका, बिघाड झाला तर बदललेला आवाज कळणार नाही ही तांडेलची (बोट चालवणाऱ्या प्रमुखाची) भीती होती, पण दोन्ही लगेच कळतं, ती भीती गेली.

एक स्टार कापला तो डिझेलच्या हातांसाठी. वळायला बोटं स्वच्छ लागतात आणि इंजिनवर ती कधी असतात?? आणि काळे झाले, कडक झाले की धुवायचे नाहीत, फेकायचे. त्यामुळे इंजिनपाशी मी आता कानावरचे मफ ठेवलेत, ते तेलकट हातानेही चढतात, घाम येतो खूप पण. नवीन पोरगा इंजिनवर घेतलात तर पहिल्या फेरीपासूनच त्याला द्या, कानात शिट्टी वाजायला लागल्यावर देऊन गेलेलं परत येत नाही. दोरीवालेच मागा, बिनदोरीचे बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी घाण पाणी साचतं तिथे) पडतात.