हब कटर की नीडल बर्नर?

आमच्या ओळखीच्या एका सिस्टरनी विचारलं, "वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये वापरलेल्या सुया निकामी करायला कुठलं यंत्र घेऊ, सुई कापणारा हब कटर की सुई जाळणारा नीडल बर्नर?" दोन्ही वापरलेत, म्हणून सांगते.

पैसे: कटर स्वस्त. बर्नरला वीज लागते, शिवाय त्याची दुरुस्ती आली.

सुरक्षितता: खरा फरक इथेच आहे. बर्नरच्या फटीत सुई घातली की ठिणगी उडते, धूर येतो, सुई वितळते. पण हबपाशी, म्हणजे सुईच्या प्लास्टिकच्या बुडाशी, बारीक खुंट उरतो आणि तोही टोचतो. कटर प्लास्टिकचा हबच कापतो. टक्क आवाज येतो, सुई डब्यात पडते आणि सिरिंज पुन्हा कुणाला वापरता येत नाही. लाइट गेली तरी काम अडत नाही.

कष्ट: कटरचा दांडा नीट दाबावा लागतो. पातं बोथट झालं की हब अर्धवट कापला जातो, म्हणून पातं वेळच्या वेळी बदला. डबा पाऊण भरला की बंद करा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यातच जायला हव्यात.

वॉर्डात, लसीकरणाला, वीज बेभरवशाची असेल तिथे कटरच घ्या. बर्नर आधीच असेल, एका जागी भरपूर इंजेक्शनं होत असतील, तर चालवा. पण खुंटासकट सिरिंज उघड्यावर टाकू नका.

आणि कुठलंही यंत्र असो, सुईला टोपण परत लावू नका. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, जखम पिळू नका, लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं.