पीएनआर खरा होता, तरीही अंदमानची सहल बुडाली

अंदमानचं पॅकेज ठरलंय, विमानाची तिकिटं आली आहेत, विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून खात्रीही करून झाली आहे आणि आता उरलेले पैसे भरायचे आहेत, अशा टप्प्यावर जे कोणी असतील त्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आम्हाला नेमकं याच टप्प्यावर लुबाडलं गेलं.

आम्ही नाशिकचे. सासऱ्यांचं लहानपण भगूरला गेलं. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, ही त्यांची फार जुनी इच्छा. पॅकेज विकणाऱ्या एजंटला हे फोनवरच्या पहिल्याच बोलण्यात कळलं आणि पुढचं सगळं त्याने त्यावरच उभं केलं. अस्खलित मराठी बोलायचा. मला ताई म्हणायचा, सासऱ्यांना काका. कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात, म्हणून काकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. "१९११ साली तात्यारावांना जिथे कोंडलं, तिथे काकांना दोन मिनिटं शांतपणे उभं राहता येईल असं बघतो," असं म्हणाला होता. या वाक्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. पैसे गेले ते गेलेच, पण एका म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेचा असा वापर केला गेला.

पॅकेज पाच जणांचं, दोन लाख पाच हजारांचं. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम, मग हॅवलॉक आणि नील ही बेटं. दर फार स्वस्त नव्हता, इतर ठिकाणी विचारलं होतं त्याच्या आसपासच. आधी विमानापुरते पंचाहत्तर हजार मागितले, तेही कंपनीच्या नावाच्या खात्यात. संध्याकाळपर्यंत तिकिटं आली. नवऱ्याने विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकला, पाचही नावं बरोबर दिसली.

आणि ती तिकिटं खरोखरच काढलेली होती. ही फसवणूक चालते ती अशी: तुमच्याच ॲडव्हान्समधून खरी तिकिटं काढायची, तुम्हाला ती तपासू द्यायची, तुमचा विश्वास बसला की उरलेली मोठी रक्कम घ्यायची आणि मग तिकिटं रद्द करायची. रद्द करण्याचा दंड वजा होऊन परतावा ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने जातो, म्हणजे एजंटच्या खात्यात. तिकिटावर संपर्कासाठी मोबाइल आणि ईमेल त्याचाच असतो, त्यामुळे रद्द झाल्याचा मेसेजही त्यालाच जातो. प्रवाशाच्या हातात राहते ती पीडीएफ, आणि तिच्यावर सगळं जसंच्या तसं असतं.

तिकिटं आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी घाई सुरू झाली. हॅवलॉकच्या हॉटेलला पूर्ण पैसे आधी द्यावे लागतात, बोटीच्या सीट संपत आल्यात, आज भरलेत तर स्कूबा आमच्याकडून. दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं खरं वाटावं असंच असतं, कारण त्या दिवसांत तिथे खोल्या आणि बोटी खरंच भरलेल्या असतात. एक लाख तीस हजारांसाठी मात्र या वेळी वेगळा यूपीआय आला, कुणा व्यक्तीच्या नावाचा. कारण सांगितलं, कंपनीच्या खात्याची आजची मर्यादा संपली. कंपनी सोडून व्यक्तीच्या नावावर पैसे मागितले की तिथेच थांबा. कारण कितीही पटणारं असो, उद्या भरतो म्हणा. खरा व्यावसायिक एक दिवस थांबतो.

पैसे गेल्यावर हॉटेलचं व्हाउचर आलं, बोटीची तिकिटं आली, आणि नंतर फोन लागेनासा झाला. पीएनआर पुन्हा टाकला तर बुकिंग रद्द. हॅवलॉकच्या हॉटेलला फोन केला तेव्हा कळलं की आमच्या नावाची चौकशी आली होती, पैसे कधीच भरले गेले नव्हते. बोटीची तिकिटं दुसऱ्या कुणाच्या तरी तिकिटावर आमची नावं चढवून बनवलेली होती. अशी तिकिटं घेऊन माणूस जेटीपर्यंत पोचला असता तर? तिथे प्रत्येकाचं ओळखपत्र आणि यादीतलं नाव बघतात. सासू-सासऱ्यांना घेऊन समुद्रापलीकडे अडकलो नाही, एवढंच सुदैव.

आता जे निघणार आहेत त्यांच्यासाठी. विमानाची तिकिटं विमान कंपनीच्या साइटवरून स्वतः काढा, स्वतःचा मोबाइल नंबर देऊन. एजंटकडून फक्त तिथली गाडी आणि हॉटेल घ्या, आणि उरलेले पैसे देण्याआधी हॉटेलला थेट फोन करून "बुकिंग आहे का" एवढंच न विचारता "पैसे भरलेत का" हे विचारा. हॉटेलचा नंबर एजंटने दिलेला नको, वेगळा शोधून काढा. खासगी बोटींची तिकिटं त्या कंपन्यांच्या साइटवर मिळतात, सरकारी बोटींची अंदमान प्रशासनाच्या साइटवर. एवढं केलं तर फसवायला फार थोडी जागा उरते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला असंच एक पत्रक आलं होतं. त्यात हॅवलॉक आणि स्वराज द्वीप अशी दोन वेगळी बेटं दाखवून दोन मुक्कामांचे पैसे लावले होते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकचंच नाव स्वराज द्वीप झालं, आणि नीलचं शहीद द्वीप. त्याच पत्रकात बाराटांगच्या वाटेवर "जारवा दर्शन" लिहिलं होतं. जारवा ही तिथली आदिवासी जमात. त्यांच्या राखीव जंगलातून जाताना गाडी थांबवणं, त्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे, आणि माणसं ही बघायची वस्तू नव्हेत. असं आमिष दाखवणाऱ्याशी व्यवहारच करू नका.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जाण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. आमचे अर्ध्याहून कमी गोठवता आले, ते सोडवण्याची प्रक्रिया चालू आहे. फोनवर व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक विचारतात, तो बँकेच्या ॲपमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये असतो. त्या एजंटने आमच्या चॅटवर आपोआप मेसेज पुसले जाण्याची सोय सुरू करून ठेवली होती, बरेचसे मेसेज त्यामुळे गेले. एजंटशी बोलायला लागल्यापासून स्क्रीनशॉट काढत जा आणि चॅटच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू तर नाही ना, हे बघा. पोलिसांकडे आमच्यासारख्याच आणखी तक्रारी आल्या आहेत. ज्यांचे पैसे असेच गेले असतील त्यांनी उशीर झाला म्हणून गप्प बसू नये, जवळच्या पोलीस ठाण्यात तिकिटाची पीडीएफ आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन जावं. तीच खाती दुसऱ्या तक्रारीत निघाली तर तपासाला धागा मिळतो.