टिमोथी गवत, दुसरी कापणी, १ किलो : दोन महिन्यांच्या वापरानंतर

गिनी पिगसाठी घेतलेले गवत चांगले की वाईट, हे पाकिटावरच्या हिरव्यागार चित्रावरून कळत नाही. ते कळते सकाळी पिंजरा झाडताना, सुपलीत जमा झालेल्या लेंड्यांवरून. आमच्या घरी भुरी आणि गुंडी अशा दोन माद्या आहेत आणि गेले दोन महिने त्या पुण्यातील एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेले आयात टिमोथी गवत खात आहेत.

त्याआधी, प्राणी जिथून आणले त्या दुकानदाराच्या सल्ल्यावरून, आम्ही रंगीत दाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि वाळवलेल्या फळांचे तुकडे यांचे मिश्रण देत होतो. भुरीच्या लेंड्या हळूहळू बारीक, कोरड्या आणि एका टोकाला निमुळत्या होत गेल्या. गुंडीच्या मात्र मऊ, चिकट आणि एकमेकींना लगडलेल्या. एके दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भुरीने खाण्याला तोंडही लावले नाही, तेव्हा पशुवैद्यांकडे धाव घेतली. या प्राण्याला ओकता येत नाही, त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते आणि अर्धा दिवस खाणे थांबले तरी ते मंदावून पोटात वायू साठू लागतो, त्यामुळे उद्यापर्यंत थांबून पाहणे धोक्याचे असते, असे त्यांनी समजावले. दात तपासले, ते ठीक होते. दोष आहारात होता : तंतू फार कमी, साखर आणि पिष्ट फार जास्त. जाता जाता त्यांनी हेही बजावले की घरातल्या औषधांच्या डब्यातील अमॉक्सिसिलिन चुकूनही पाजू नये, कारण पेनिसिलिन गटातील औषध तोंडावाटे दिल्यास गिनी पिगच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि घातक जिवाणू माजून जीवघेणा अतिसार होऊ शकतो.

आता गवताविषयी. टिमोथीची पहिली कापणी जाड देठांची, तिसरी मऊ पानांची, आणि दुसरी या दोहोंच्या मधली असते. आमच्या पाकिटात देठ आणि पाने दोन्ही पुरेशी होती, रंग फिकट हिरवा होता आणि वास ताज्या वाळलेल्या वैरणीचा होता. मधूनमधून बाजरीच्या कणसाची इवलीशी प्रतिकृती वाटावी असे तुरे निघाले. गुंडी ते आधी वेचून खाते. जुने मिश्रण एकदम बंद न करता दहा-बारा दिवसांत कमी करत नेले. तिसऱ्या आठवड्यापासून दोघींच्या लेंड्या एकसारख्या लांबट-गोल, गडद तपकिरी आणि न चिकटणाऱ्या झाल्या, आणि संख्येनेही इतक्या वाढल्या की झाडणाऱ्याने तक्रार करावी. आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो. भुरी ७४० ग्रॅमवरून ८१० ग्रॅमवर आली आहे. क्वचित एखादी मऊ, काळपट लेंडी दिसली तर आता आम्ही घाबरत नाही, कारण गिनी पिग पोषक द्रव्ये पुन्हा मिळवण्यासाठी अशा लेंड्या स्वतःच खातात. त्यांतली एखादी खाली राहून जाते, एवढेच.

तक्रारी दोन आहेत. पाकिटाच्या तळाशी दोन मुठी निव्वळ भुसा निघाला आणि तो चाळून टाकावा लागला, कारण त्या धुळीने दोघी शिंकू लागतात. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे : पाकिटाला पुन्हा बंद करण्याची सोय नाही. पावसाळ्यात तळाचे गवत दमट झाले आणि बुरशीच्या शंकेने पाव किलो फेकून द्यावे लागले. साडेनऊशे रुपयांच्या मालाला हे शोभत नाही.

विक्रेत्याने सोबत लसूणघासाचे छोटे पाकीट फुकट पाठवले होते. लसूणघास आपल्याकडे स्वस्त मिळतो आणि दोघी त्यावर तुटून पडतात, पण त्यात कॅल्शियम जास्त असल्याने प्रौढ गिनी पिगला रोज दिल्यास मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. तो वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला ठीक. टिमोथीतून क जीवनसत्त्वाची गरज भागत नाही, आणि गिनी पिगचे शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, म्हणून ढोबळी मिरचीची फोड आणि थोडी कोथिंबीर रोज द्यावीच लागते.

पाचपैकी चार गुण. पुढची मागणी नोंदवली आहे, मात्र पावसाळा संपेपर्यंत अर्ध्या किलोचीच पाकिटे घेणार आहोत आणि आल्या आल्या गवत कापडी पिशवीत काढून हवेशीर जागी टांगणार आहोत.