क्लासच्या पोटात क्लास: आत ठेवावा की बाहेर काढावा?

फोंड्यातल्या एका पोदेरासाठी, म्हणजे पाववाल्यासाठी, बिलांचा प्रोग्रॅम जावा भाषेत लिहायला घेतला आणि पहिल्याच दिवशी अडलो. 'उंडे, २० नग' ही बिलावरची ओळ. तिचा क्लास, म्हणजे तिची माहिती आणि कामं ठरवणारा कोडचा साचा, वेगळ्या फाइलीत करायचा, की 'बिल' क्लासच्या आतच?

मी एवढंच बघतो: बिल सोडून ही ओळ आणखी कुणाला लागते का? नाही ना, मग आत. गिऱ्हाइकाचं तसं नाही. ते बिलात असतं, उधारीच्या वहीत असतं, पहाटेच्या सायकलफेरीच्या यादीतही असतं. ते आत कोंबलं, तर उधारीच्या कोडलाही विनाकारण बिलाची ओळख ठेवावी लागते. त्याला स्वतंत्र फाइलच हवी.

आत ठेवायचं ठरलं की खरा निर्णय पुढे येतो: स्टॅटिक की इनर? स्टॅटिक नेस्टेड क्लास फक्त नावाने आत राहतो. स्टॅटिक नसलेला इनर क्लास मात्र बाहेरच्या ऑब्जेक्टचा (बाहेरच्या साच्यातून बनलेल्या वस्तूचा) धागा हातात धरून जन्मतो, आणि तो धागा कोडमध्ये दिसत नाही. जावा १८ च्या आधी तर तो धागा वापरला नाही तरी कायम असायचा; आता वापरला तरच राहतो. जुन्या जावात मी इथेच फसलो होतो. महिन्याच्या विक्रीसाठी सगळ्या ओळी एका लिस्टमध्ये जमवल्या, बिलं सोडून दिली. मेमरी तरी भरतच गेली. हीप डंप, म्हणजे मेमरीत काय काय आहे त्याची नोंद, उघडला, तर प्रत्येक ओळीने आपलं अख्खं बिल, छापायच्या मजकुरासकट, धरून ठेवलेलं! नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर तरी काय करणार? 'स्टॅटिक' हा एक शब्द घातला आणि बिलं सुटली.

इनर क्लास वाईट नाही. जावाच्याच लायब्ररीत दोन्ही सापडतात. हॅशमॅपमधला (नावावरून किंमत शोधायच्या साठ्यातला) नोड, म्हणजे त्यातली एक नोंद, स्टॅटिक आहे, कारण लाखो नोड असले तरी एकालाही मॅपशी बोलायची गरज नसते. अ‍ॅरेलिस्ट या यादीतून एकेक घटक पुढे देणारा इटरेटर मात्र इनर आहे, कारण त्याला त्याच लिस्टचा आकार आणि मधेच झालेले बदल पावलोपावली तपासावे लागतात. एवढी घट्ट गरज असेल तरच इनर घ्या.

दुसऱ्या भाषा बघा: कॉटलिनमध्ये हा धागा मुद्दाम 'इनर' लिहिल्याशिवाय मिळत नाही, सी शार्पमध्ये तो आपोआप मिळतच नाही. मला हीच पद्धत योग्य वाटते. पायथनमध्ये तर आतल्या क्लासचं बाहेरच्याशी नातं नावापुरतंच.

आतल्या क्लासची वेगळी टेस्ट लिहावीशी वाटली, तर त्याच दिवशी त्याला बाहेर काढा. पोदेराच्या ओळीवर सवलतीचा हिशेब आला, तेव्हा मीही तिला वेगळी फाइल दिली.